आगीनंतर सळईचे जोड कसे तपासायचे: लॅप, वेल्ड, कपलर आणि रिबारिंग

आगीत सापडलेल्या आरसीसी इमारतीच्या अहवालात एक वाक्य ठरलेलं असतं: सळईचे नमुने कापून प्रयोगशाळेत ताणून पाहिले, मूळ ताकदीच्या इतके टक्के शिल्लक आहे, सबब पोलाद ठीक. हे वाक्य सुट्या सळईपुरतं खरं असतं. पण कॉलम-बीममध्ये सळई अखंड नसते. ती दर मजल्याला, दर काही मीटरला जोडलेली असते: कुठे दोन सळया शेजारी शेजारी ठेवून (लॅप), कुठे वेल्ड करून, कुठे नळीसारख्या कपलरने, कुठे जुन्या काँक्रीटमध्ये छिद्र पाडून चिकटवून (रिबारिंग). तो जोड आगीत कसा वागला हे सळईचा तुकडा ताणून कळत नाही. जळालेल्या इमारतीची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी आणि त्यांच्याकडून अहवाल घेणाऱ्या सोसायट्यांनी जोडांची तपासणी वेगळी मागावी, वेगळी करावी आणि वेगळी लिहावी, यासाठी हा लेख आहे.

आधी तापमानाचा परिणाम समजून घ्या

गरम असताना सळई किती कमजोर होते याचे आकडे युरोकोडमध्ये, म्हणजे युरोपीय बांधकाम संहितेत, दिलेले आहेत. गरम लाटलेली सळई ४०० अंश सेल्सिअसपर्यंत जवळपास पूर्ण ताकद टिकवते. ५०० अंशांना सुमारे ७८ टक्के, ६०० ला ४७ टक्के आणि ७०० ला २३ टक्के उरते. थंड अवस्थेत पिळलेली किंवा ओढलेली सळई त्याहून लवकर ढासळते: ५०० ला ६७ टक्के, ६०० ला ४०, ७०० ला जेमतेम १२.

हे झालं आग पेटलेली असतानाचं. थंड झाल्यावर चित्र पालटतं. गरम लाटलेली सळई ६०० अंशांच्या आसपास तापून आली तरी निवल्यावर बहुतेक ताकद परत मिळवते. थंड पिळलेल्या जुन्या टॉर सळईची ताकद पिळण्यातून आलेली असते, त्यामुळे ४५० अंशांच्या वर गेल्यावर ती कायमची गमावली जाऊ लागते. टीएमटी, म्हणजे लाटल्यावर लगेच पाण्याने थंड केलेल्या सळईची ताकद बाहेरच्या कडक कवचात असते. ५००-६०० च्या पुढे ते कवच मऊ पडत जातं.

काँक्रीटचं तसं नाही. ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं विघटन होतं. वाळूत क्वार्ट्‌झ असेल तर ५७३ अंशांना त्याची स्फटिकरचना बदलते आणि तो फुगतो. सिमेंटचा लगदा पाणी गमावून आक्रसत असतो, सळई मात्र तापून प्रसरण पावत असते. दोघांची ओढाताण सळईभोवतीच्या काँक्रीटमध्ये चिरा पाडते. निवल्यावर यातलं काहीच सांधत नाही. थंड झालेल्या काँक्रीटची ताकद गरम असतानाच्या ताकदीपेक्षा आणखी थोडी कमीच निघते. सळई आणि काँक्रीटमधली पकड तर काँक्रीटच्या दाब-ताकदीपेक्षाही वेगाने घटते.

आता लॅपकडे पाहा. लॅपमध्ये दोन सळया एकमेकींना बाईंडिंग तारेने बांधलेल्या असतात, पण ती तार जोर पोचवत नाही. एका सळईतला ताण भोवतीच्या काँक्रीटमध्ये उतरतो आणि तिथून दुसऱ्या सळईत चढतो. म्हणजे लॅप हा काँक्रीटचा जोड आहे. सळई निवल्यावर सावरली तरी लॅप सावरत नाही. पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीभोवती फिरते.

पायरी १: टेकू आधी, पाहणी नंतर

आग विझली म्हणजे काँक्रीट निवलं असं नव्हे. पृष्ठभागावरची उष्णता पुढचे काही तास आत सरकत राहते आणि जाड कॉलमच्या आतल्या भागाचं कमाल तापमान आग विझल्यानंतर येतं. अग्निशमन दलाने परवानगी दिल्याशिवाय आत जाऊ नका. दिल्यावरही पहिलं काम टेकू लावण्याचं. टेकूचा भार एका स्लॅबवरून दुसऱ्या स्लॅबवर टाकून थांबू नका. तो जमिनीपर्यंत किंवा नक्की सुस्थितीतल्या मजल्यापर्यंत न्या. गोदामात आग लागली असेल तर भिजलेला माल लगेच हलवा. भिवंडीसारख्या ठिकाणी कापडाच्या गाठी पाणी पिऊन कितीतरी जड होतात आणि तो वाढीव भार कमजोर झालेल्या स्लॅबवर बसलेला असतो.

जोड उघडण्यासाठी छिन्नी चालवायची ती टेकू लागल्यावरच. लॅपभोवती उरलेलं थोडं काँक्रीटही त्या क्षणी भार पेलत असू शकतं.

पायरी २: सळई कोणती आणि जोड कुठे, याचा नकाशा करा

मूळ नकाशे मिळाले तर उत्तम. जुन्या इमारतींचे बहुधा मिळत नाहीत. मग इमारतीचं वय आणि उघड्या पडलेल्या सळईचं रूप यावरून अंदाज बांधा. गुळगुळीत गोल सळई म्हणजे जुनी माइल्ड स्टील. लांबीच्या दिशेच्या कडा स्क्रूसारख्या फिरत गेल्या असतील तर ती पिळलेली टॉर सळई. त्या कडा सरळ असतील आणि मध्ये तिरप्या फासळ्या असतील तर बहुधा टीएमटी. शंका असेल तर कापलेल्या तुकड्याचं टोक घासून त्यावर नायटल (अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक आम्ल) लावा. टीएमटीत बाहेरचं कडं गडद उमटतं.

जोडांच्या जागा शोधायला कव्हर मीटर किंवा सळई-शोधक यंत्र वापरा. एकाच रेषेत सळया दुप्पट दिसू लागल्या की तिथे लॅप आहे. त्यानंतर प्रत्येक जोडाची आगीच्या संदर्भातली जागा लिहा. माझ्या मते हे काम सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे.

खोलीतली आग छताजवळ सगळ्यात तापते. जुन्या पद्धतीत कॉलमचे लॅप स्लॅबच्या लगेच वर, म्हणजे खोलीच्या तळाशी असतात. जमिनीवर जळत्या मालाचा ढीग नसेल तर ते तुलनेने कमी तापतात. आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे बांधलेल्या इमारतीत कॉलमचे लॅप उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात असतात. भूकंपासाठी तीच जागा योग्य, पण आगीत ती जास्त तापते. बीम खालून आणि दोन्ही अंगांनी तापतो. खालच्या मधल्या सळईला उष्णता मुख्यतः एका बाजूने मिळते, कोपऱ्यातल्या सळईला दोन बाजूंनी, म्हणून कोपऱ्यातल्या सळईचा लॅप नेहमी सर्वात वाईट धरा.

बीमच्या वरच्या सळयांचे लॅप मध्यावर असतात आणि स्लॅबच्या आडोशाने फारसे तापत नाहीत, म्हणून बरेच जण ते सोडून देतात. इथे थांबून विचार करा. खालून तापलेला सलग बीम वाकू पाहतो, आधार त्याला अडवतात, आणि आधाराजवळच्या वरच्या सळयांवरचा ताण वाढतो. एरवी दाबात असणारा बीमचा वरचा भागही त्या वेळी ताणात जाऊ शकतो. म्हणजे वरच्या सळया जिथे थांबवल्या किंवा जोडल्या आहेत, तिथे आगीत न तापताही चिरा पडलेल्या असू शकतात. आधारापासून दूर, बीमच्या वरच्या अंगाला त्याच्या लांबीला आडव्या छेदणाऱ्या चिरा शोधा; त्यासाठी वरची फरशी उखडावी लागली तरी उखडा.

पायरी ३: जोडापाशी तापमान किती गेलं ते काढा

खोलीतल्या वस्तू हवेचं तापमान सांगतात. ॲल्युमिनियमची चौकट वितळून ओघळली असेल तर ६५० अंशांच्या आसपास, काच मऊ पडून वाकली असेल तर ७००-८००, तांबं वितळलं असेल तर १०८० च्या वर. तांब्याच्या तारेबाबत एक सावधगिरी: शॉर्ट सर्किटच्या ठिणगीनेही तिचं टोक वितळतं, त्यामुळे एकट्या तारेवर निष्कर्ष काढू नका.

सळईपाशी याहून खूप कमी तापमान असतं. आयएसओ ८३४ च्या प्रमाणित आगीत एका तासाला हवा ९४५ अंशांवर असते, तेव्हा खालून तापणाऱ्या स्लॅबमध्ये २० मिमी खोलीवर साधारण ५०० अंश असतात. दोन तासांच्या आगीत तेच ५०० अंश साधारण ४० मिमी खोलीपर्यंत पोचतात. प्रत्यक्ष आग प्रमाणित आगीसारखी चालत नाही, पण अंदाजाची सुरुवात इथून करता येते. काँक्रीट फुटून पोपडे उडाले असतील तर हे आकडे लागू नाहीत. उघडी सळई काही मिनिटांतच हवेच्या तापमानाकडे जाते.

पुढचा पुरावा काँक्रीटच्या रंगाचा. ३०० ते ६०० अंशांत ते गुलाबी-लालसर होतं, त्यापुढे पांढुरकं राखाडी, आणि ९०० च्या पुढे मळकट पिवळसर. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टच्या खडीत हा गुलाबी रंग ठळक दिसत नाही. वाळूच्या कणांत आणि लगद्यात शोधावा लागतो. जोडाशेजारी लहान व्यासाचं छिद्र पाडत जा आणि दर ५ मिमीला निघणारी भुकटी पांढऱ्या कागदावर क्रमाने ठेवा. न जळालेल्या मजल्यावर तसंच छिद्र पाडून भुकटी शेजारी ठेवली की फरक स्पष्ट दिसतो. गुलाबी पट्टा सळईच्या मागेपर्यंत गेला असेल, तर लॅपच्या संपूर्ण भोवतालाने ३०० अंश ओलांडले आहेत असं धरा.

पायरी ४: लॅप

लॅपच्या पूर्ण लांबीवर हातोडीने ठोकत जा. भरीव आवाज येईल तिथे खडूने एक खूण, पोकळ आवाज येईल तिथे दुसरी. सळईच्या रेषेत जाणारी लांबट चीर ही लॅपमधली सर्वात वाईट खूण आहे. ती दिसली म्हणजे सळईच्या फासळ्यांनी काँक्रीट आतून फाडलं आहे. सळयांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ असतील तर फाटलेलं काँक्रीट त्यांनी धरून ठेवलेलं असतं. रिंगा लांब लांब असतील तर नाही. म्हणून लॅपच्या टप्प्यातलं रिंगांचं अंतर मोजून लिहा, आणि रिंगांचे हुक उघडलेत का तेही पाहा.

मग हिशेब करा. एक उदाहरण घेऊ. एम २५ काँक्रीट (दाब-ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिमी), एफई ५०० (ताण-ताकद ५०० न्यूटन प्रति चौरस मिमी) प्रतीची १६ मिमीची सळई. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे एम २५ साठी पकडीचा ताण १.४, फासळ्यांच्या सळईसाठी ६० टक्के वाढवून २.२४ न्यूटन प्रति चौरस मिमी. सळईचा डिझाइन जोर सुमारे ८७ किलोन्यूटन. तो पोचवायला व्यासाच्या ४९ पट, म्हणजे सुमारे ७८० मिमी लॅप लागतो. समजा नकाशात ८०० मिमी दिला आहे. आगीपूर्वी तो ९० किलोन्यूटन पोचवत होता. ठीक होता.

आगीत त्यातला २५० मिमीचा भाग उघडा पडला. उरलेल्या ५५० मिमीभोवतीचं काँक्रीट ५०० अंशांपर्यंत तापलं, आणि तिथे पकड निम्मी उरली असं सावधपणे धरलं. आता लॅप पोचवतो: ३.१४ गुणिले १६ गुणिले ५५० गुणिले १.१२, म्हणजे सुमारे ३१ किलोन्यूटन. मूळ गरजेच्या ३५ टक्के. याच सळईचा तुकडा प्रयोगशाळेत ९५ टक्के ताकद दाखवेल आणि अहवालात तोच आकडा जाईल. बीम मात्र ३५ वर उभा असेल.

निम्मी पकड हा माझा सावध अंदाज आहे, संहितेतला आकडा नव्हे. जोडाशेजारचे कोअर (काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढून आणि आयएस ५१६ च्या पाचव्या भागाप्रमाणे ध्वनिलहरींचा वेग मोजून तो जागेपरत्वे सुधारा. मात्र उघड्या पडलेल्या लांबीला शून्यच धरा, त्यात तडजोड नको.

कॉलमच्या लॅपमध्ये सळई दाबात असली तरी तपासणी हीच. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडालं आणि रिंगा सैल झाल्या की दाबातली सळई बाहेरच्या बाजूला वाकते. ओळंबा धरून प्रत्येक कोपऱ्यातली सळई पाहा.

पायरी ५: वेल्ड

वेल्डचा जोड काँक्रीटवर अवलंबून नसतो, म्हणून काँक्रीट गेलं तरी तो जोर पोचवू शकतो. पण वेल्डच्या शेजारची सळई बांधकामाच्या वेळीच एकदा तापलेली असते. टॉर सळई वेल्ड केली असेल तर त्या पट्ट्यातली पिळाची ताकद तेव्हाच कमी झालेली होती. आयएस ४५६ नेही ताणातल्या वेल्डला सर्वसाधारणपणे ८० टक्केच ताकद धरायला सांगितलं आहे. कडक देखरेख असेल आणि एका छेदात २० टक्क्यांहून जास्त सळया वेल्ड केलेल्या नसतील तरच १००. आगीनंतर वेल्ड तारेच्या ब्रशने घासून चिरेत शिरणारा रंगीत द्रव (डाय पेनेट्रंट) लावा आणि चिरा शोधा. निदान काही वेल्ड मध्यभागी ठेवून नमुने कापा आणि ताणून पाहा. तुटणं वेल्डमध्ये झालं, शेजारी झालं की दूर, हे नोंदवा.

पायरी ६: कपलर

कपलर जाड असल्याने शेजारच्या सळईपेक्षा जरा उशिरा तापतो, ही त्याची जमेची बाजू. पण त्याच जाडीमुळे त्याच्यावरचं कव्हर कमी असतं. २५ मिमी सळईच्या कपलरचा बाहेरचा व्यास ३८-४० मिमीच्या आसपास असतो, म्हणजे सळईवर ४० मिमी कव्हर असेल तर कपलरवर ३२-३४ च उरतं. कव्हर उडण्याची सुरुवात बऱ्याचदा अशा जागी होते.

भारतात कपलरची चाचणी आयएस १६१७२ प्रमाणे नेहमीच्या तापमानाला होते. त्या प्रमाणपत्रावरून आगीबद्दल काही सिद्ध होत नाही. थंड असताना सळई कपलरच्या बाहेर तुटते, तोच चांगल्या कपलरचा पुरावा मानला जातो. तापलेल्या जोडात मात्र आटे घसरून सळई निसटण्याची शक्यता वाढते. टीएमटीवर सरळ आटे कापले असतील तर बाहेरचं कडक कवच काही प्रमाणात तिथेच गेलेलं असतं. टोक ठोकून जाड करून मग आटे पाडले असतील तर स्थिती बरी असते. दाबून बसवलेल्या नळीच्या कपलरमध्ये दाबाची पकड तापल्यावर सैल होते. प्रीकास्ट (कारखान्यात ओतलेले भाग जोडून उभारलेल्या) इमारतींत ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंट-मिश्रण, भरलेली स्लीव्ह (नळी) असते. तिच्यात सळई धरणारा घटक सिमेंटचाच आहे, त्यामुळे तिला लॅपच्या जवळचं समजा.

तपासताना कपलरच्या तोंडाशी सळईवर ताजी चमकदार रेघ दिसते का पाहा. ती घसरल्याची खूण आहे. मग कपलर मध्ये ठेवून नमुना कापा आणि ताकदीबरोबर घसरणही मोजून घ्या. जोड तुटला नाही पण घसरला, तर भोवतीच्या काँक्रीटमध्ये रुंद चिरा राहतील.

पायरी ७: रिबारिंग

जुन्या कॉलम-बीममध्ये छिद्र पाडून इपॉक्सीने सळई बसवण्याला साइटवर रिबारिंग म्हणतात. वाढीव मजला, नवी बाल्कनी, लिफ्टची भिंत, दुरुस्ती, सगळीकडे ते असतं आणि प्लॅस्टरखाली दिसत नाही. इपॉक्सी साधारण ५० ते ८० अंशांतच मऊ पडू लागतं. १०० अंशांच्या पुढे बहुतेक रसायनांची पकड फारच थोडी उरते. ज्या आगीत काँक्रीटचा रंगही बदलला नाही, त्या आगीत हा जोड निकामी झालेला असू शकतो.

म्हणून सोसायटीला थेट विचारा: इमारतीत नंतर काय काय वाढवलं, कधी, कसं? अशा जोडाच्या कोणत्याही भागात तापमान १०० ओलांडल्याची शक्यता असेल आणि त्या विशिष्ट रसायनाची आगीतली चाचणी हाती नसेल, तर तो जोड शून्य धरून टेकू लावा. निवल्यावर काही इपॉक्सी पुन्हा कडक होतं आणि खेचून पाहिल्यास बरं उत्तर देतं. पण पुढच्या आगीत तेच पुन्हा होणार, हे मालकाला लेखी सांगा.

पायरी ८: नमुने

नमुने जळालेल्या प्रत्येक पट्ट्यातून घ्या आणि त्याच इमारतीच्या न जळालेल्या भागातूनही घ्या. तुलनेला मूळ नमुना नसेल तर टक्केवारी काढता येत नाही. एफई ५०० साठी आयएस १७८६ चे किमान आकडे: प्रूफ ताण (सळई कायमची लांबू लागते तो) ५०० आणि तुटण्याआधीचा अंतिम ताण ५४५ न्यूटन प्रति चौरस मिमी, लांबण १२ टक्के. जिथे सळई उघडी पडून लालबुंद झाली आणि त्यावर थेट पाण्याचा फवारा मारला गेला, तिथे वाकवण्याची चाचणीही करा. अशी सळई ताकदीत वाढलेली, पण ठिसूळ निघू शकते.

पायरी ९: दुरुस्ती

लॅपभोवतीचं तापलेलं काँक्रीट सळईच्या मागे किमान २५ मिमीपर्यंत काढा आणि रंग न बदललेल्या थरापर्यंत पोचा. उरलेली लांबी कमी पडत असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला, शेजारी नवी सळई टाकणं. पण तिला दोन्ही बाजूंना चांगल्या काँक्रीटमध्ये पूर्ण लांबी मिळायला हवी, म्हणजे बरंच उघडावं लागतं. दुसरा, खराब लॅप कापून बोल्टने आवळणाऱ्या कपलरने नवा तुकडा जोडणं. त्याला आटे पाडावे लागत नाहीत. जागा कमी असते तिथे मी दुसरा रस्ता निवडेन. वेल्डिंग करायचं ठरलं तर आधी सळईचं रासायनिक पृथक्करण करून कार्बन समतुल्य (वेल्ड ठिसूळ होण्याचा धोका सांगणारा आकडा) तपासा.

एका कॉलममधल्या सगळ्या सळया एकदम कापू नका. समोरासमोरच्या घ्या, भरा, ताकद येऊ द्या, मग पुढच्या. लॅपच्या टप्प्यात रिंगा १०० मिमी अंतरावर, हुक १३५ अंशांचे. भरायला न आक्रसणारं मायक्रो काँक्रीट. कपलर वापरला असेल तर कव्हर कपलरच्या बाहेरच्या पृष्ठापासून मोजा. आयएस ४५६ मध्ये दोन तासांच्या अग्निरोधासाठी साध्या आधाराच्या बीमला ४०, सलग बीमला ३० आणि कॉलमला ४० मिमी कव्हर आहे. कार्बन फायबरचं वेष्टण लावून पकड वाढवता येते, पण तेही इपॉक्सीनेच चिकटवलेलं असतं. अग्निरोधाच्या हिशेबात ते धरू नका.

पायरी १०: भार चाचणी

दुरुस्तीनंतर स्लॅब-बीमवर आयएस ४५६ ची भार चाचणी करतात: पूर्ण स्थायी भार (बांधकामाचं स्वतःचं वजन) अधिक १.२५ पट चल भार (माणसं, सामान), २४ तास. भार काढल्यावर पुढच्या २४ तासांत किमान ७५ टक्के झोल परत यायला हवा. ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे त्या बीमच्या ताणातल्या जोडांनी तेवढा भार पेलला. आधाराजवळचे खालचे लॅप भूकंपात उलट ताणात जातात आणि कॉलमचे लॅप बाजूच्या जोरात. त्यांच्याबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. त्यांची पाहणी उघडूनच करावी लागते. अहवालात प्रत्येक उघडलेल्या जोडाची जागा, प्रकार, अंदाजे तापमान, उरलेली लांबी आणि निर्णय यांचं कोष्टक जोडा, आणि जे जोड उघडले नाहीत त्यांची यादीही त्याच्या खाली द्या.